मानेचं माप

एल्क फोर्ड, विस्कॉन्सिन
४ मार्च १९७३

ऑरिन काकांना लोरेनचा नमस्कार.

युमाची कोरडी हवा तुमच्या छातीला मानवली हे वाचून आईला आणि मला बरं वाटलं. इकडे नदी अजून गोठलेलीच आहे. दुकानाचं दार उघडायला रोज सकाळी फावडं घ्यावं लागतं. फोनच करणार होते, पण मोटारींच्या आवाजाने गेलेले तुमचे कान फोनवर काय ऐकणार, म्हणून कागद घेऊन बसले.

ड्वेन कुबियाकने पुन्हा चोरी केली. अकरा वर्षं तुमच्या हाताखाली शिकला, जाताना तुमची मापांची वही उचलून नेली, ते आपण गिळलं. या वेळी त्याने माझं काम चोरलंय.

सबंध हिवाळा मी शर्यतीच्या नव्या मोठ्या इंजिनाच्या व्हॉल्व्हवर घालवला. तुम्ही शिकवलंत तसंच सगळं. व्हॉल्व्हच्या छत्रीच्या पाठीवरचं जास्तीचं लोखंड उतरवलं, कडेच्या मागे तीस अंशांची बारीक धार काढली, छत्री दांडीला मिळते तिथली मान थोडी सडपातळ केली, म्हणजे हवा कुठे न अडता आत घसरते. तुमच्या त्या व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यावर इंजिनाचं हेड बसवून आत किती हवा जाते ते मोजत होते. शेवटी एकदाचं नळीतलं रंगीत पाणी बोटभर वर चढलं, आणि मी एकटीच दुकानात नाचले. इंजिनात सरळ अठरा हॉर्सपॉवर वाढली.

तीन आठवड्यांत कुबियाकच्या दुकानात हुबेहूब तोच आकार. मग शोध लागला. मी बिघडलेले व्हॉल्व्ह भंगाराच्या पिंपात टाकते, आणि आपला भंगारवाला ते पिंप आधी कुबियाकच्या दारात नेतो. हा त्यावर पितळी साचे लावून मापं घेतो. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात ते हेच.

शुक्रवारी तळलेले मासे खायला सगळं गाव जमलं होतं. तिथे तो मोठ्याने म्हणाला, "ऑरिनच्या दुकानात आता राहिलंय काय? एक बाई आणि एक पिंप." लोक हसले. मी उठून बाहेर आले, रागात ट्रकचा गिअर नीट पडला नाही, खरखर आवाज झाला. तो दारात येऊन म्हणाला, "हार्लन झाला! घराण्याचाच गुण."

काका, इतरांचं मी ऐकून घेते. गावात कोणाचा ट्रॅक्टर अडखळला तरी पोरंसोरं "हार्लन झाला" म्हणतात. त्यांना हार्लन म्हणजे कोण हेही ठाऊक नसतं. बाबांनी शर्यतीच्या बाविसाव्या फेरीत, तिसऱ्या वळणावर चुकीचा गिअर टाकून इंजिन फोडून घेतलं आणि त्यातच ते गेले, हे तुम्हीच इंजिन उघडून पाहिलंत आणि सगळ्यांना सांगितलंत. जे खरं ते खरं, त्याला इलाज नाही. पण आईच्या कानावर तो शब्द पडला की ती हातातलं काम ठेवून आत जाते. चौदा वर्षांत ती एकदाही ट्रॅककडे फिरकलेली नाही. आणि तुमच्या मिठावर वाढलेल्या माणसाने तो शब्द माझ्या तोंडावर टाकावा?

मला त्याचं नाक कापलेलं बघायचंय. तुम्ही सांगाल ते करीन.

तुमची
लोरेन


युमा, ॲरिझोना
११ मार्च १९७३

लोरेन पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि औषधाची बाटली फेकून दिली. रागाइतकं छाती मोकळी करणारं दुसरं काही नाही.

कोर्टकचेरीच्या फंदात पडू नकोस. शेरीफ स्वतः त्याच्याकडून मोटार बनवून घेतो. चोराला चोरूच द्यायचं, फक्त काय चोरायचं ते आपण ठरवायचं. आता नीट वाच आणि वाचून हे पत्र शेगडीत टाक.

एक व्हॉल्व्ह अगदी मन लावून बनव. पाठ, धार, चकाकी, सगळं बक्षिसाला लावण्याजोगं. फक्त मान आपण नेहमी इंचाच्या तीनशे दहा हजारांशावर सोडतो ना, ती उतरवत दोनशे साठवर आण. मग खोक्यावर लावून बघ. पाणी असं चढेल की तुलाही मोह पडेल. तू मोहात पडू नकोस. त्याच्या कडेला एक ओरखडा काढ, म्हणजे तो भंगारात का गेला हे कोणी विचारणार नाही. आणि टाक पिंपात.

कुबियाक माप घेईल, हवा मोजेल आणि वेडा होईल. मी त्याला अकरा वर्षं ओळखतो. पाणी वर चढलेलं दिसलं की त्याची अक्कल खाली उतरते. सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह तसेच करील.

ते सरावात टिकतील. पात्रतेच्या फेऱ्यांतही टिकतील. तीस फेऱ्यांच्या मुख्य शर्यतीत विसाच्या पुढे आणि पंचविसाच्या आत एक मान तुटेल. छत्री सिलिंडरमध्ये पडली की इंजिन जागच्या जागी आवळतं, मागची चाकं जाम होतात आणि गाडी फिरते. सगळ्या गावादेखत. त्यानंतर त्या दुकानात कुत्रंही जाणार नाही.

गाडी चालवणाऱ्याची काळजी तुला वाटेल. कुबियाकची गाडी अजून तो लाल केसांचा हॉफरच चालवतो ना? त्याची हाडं रबराची आहेत. आणि चोराच्या गाडीत बसायचं तर चोराचं नशीबही घ्यावं लागतं.

हार्लनबद्दल लोक बोलतात त्याचं मनावर घेऊ नकोस. माझा भाऊ चांगला होता, हात जरा उतावळा होता, एवढंच.

तुझा
ऑरिन काका


एल्क फोर्ड
२५ मार्च १९७३

काकांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस दुकान उघडलं नाही, आईला सांगितलं की सर्दी झालीय.

मी तयार आहे. एकच शंका आहे. विसाच्या पुढे आणि पंचविसाच्या आत, हे तुम्ही इतकं नेमकं कशावरून सांगता? तिसऱ्याच फेरीत मान तुटली तर लोक म्हणतील लोखंडात खोट होती, आणि कुबियाक सुटेल. आणि तुटलीच नाही, तर माझ्या हाताने मी त्याला गावातली सगळ्यात जलद मोटार बनवून दिली असं होईल. तुमची खात्री असेल तरच मी लेथ चालू करते.

आईने तुमच्यासाठी राय धान्याचा काळा ब्रेड पाठवलाय. पोचेपर्यंत दगड झाला असेल, पण तिचं मन मोडवलं नाही.

लोरेन


युमा
१ एप्रिल १९७३

लोरेन पोरी,

ब्रेड कॉफीत बुडवून खाल्ला. वहिनीला सांग, दात अजून शाबूत आहेत.

तुझी शंका शहाण्या कारागिराची आहे, म्हणून सांगतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय. एकदाच एका मोटारीत मान दोनशे साठवर आणलेली होती. त्या दिवशी त्या मोटारीपुढे कोणाची टाप नव्हती, पहिल्या फेरीपासून ती सगळ्यांच्या पुढे होती. विसाच्या पुढे गेली आणि खेळ संपला. तुटलेली छत्री मी या तळहातावर धरली होती. तुटल्या जागी लोखंड साखरेसारखं दाणेदार दिसत होतं. कोणाची गाडी ते विचारू नकोस, जुनी गोष्ट आहे. पण माप पक्कं आहे. दोनशे सत्तर केलंस तर कदाचित तीसही फेऱ्या निघतील, म्हणून दोनशे साठच.

मायलोचं काही कळतं का? सहा वर्षं झाली, पोराची एक ओळ नाही. मी त्याला म्हणालो होतो की तुझ्या हातात ना गाडी ना पाना, त्याचा एवढा राग? कुठे भेटलाच तर म्हणावं, बापाचे कान गेलेत, डोळे अजून आहेत, पत्र वाचता येतं. माझं एकच पोर आहे ते.

कामाला लाग. मला इथे वाळवंटात बसून दुसरं सुख नाही.

काका


एल्क फोर्ड
१३ मे १९७३

काकांना नमस्कार.

काम फत्ते झालं. व्हॉल्व्ह असा उतरला की पिंपात टाकताना जीव चुटपुटला. तुम्ही म्हणालात तसंच झालं. पाणी चढलेलं बघून कुबियाकने सोळाच्या सोळा तसेच घासले, आणि आता तो गावभर सांगत फिरतोय की स्लेटनांच्या दुकानाला जे साधलं नाही ते त्याला साधलं. सराव झाला, पात्रतेच्या फेऱ्या झाल्या. गाडी सगळ्यात पुढे आहे. मोसमाची पहिली मोठी शर्यत रविवारी, २० तारखेला, दुपारी दोनला. तीस फेऱ्या.

तुम्ही मायलोची चौकशी केली होती. तो खुशाल आहे. एप्रिलमध्ये घरी परत आला. हॉफरचं कुबियाकशी बिनसलं म्हणून कुबियाकने गाडी मायलोला दिलीय, रविवारी तोच चालवणार. निळं हेल्मेट त्याला शोभून दिसतं. तुम्ही समजता त्यापेक्षा त्याचा हात चांगला आहे.

लोरेन


तार
युमा, १७ मे १९७३

मायलोला गाडीत बसू देऊ नकोस. हे पोचताच थांबव. ऑरिन


तार
एल्क फोर्ड, १८ मे १९७३

मायलो ऐकत नाही. म्हणतो बाप अजूनही मला नालायक समजतो. कुबियाक म्हणतो मान भक्कम आहे. तुटेल याला पुरावा काय. लोरेन


तार
युमा, १९ मे १९७३

पुरावा हार्लन. त्याच्या मोटारीत मान मी दोनशे साठ केली होती. त्याला सांगितलं नव्हतं. त्याने गिअर चुकवला नव्हता. मी खोटं बोललो. मायलोला उतरव. पाया पडतो. ऑरिन


एल्क फोर्ड
२१ मे १९७३

ऑरिन स्लेटन,

तुझा मुलगा जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितेय. बाबा दवाखान्यात होते तेव्हा माझ्या आईला डॉक्टरांनी अकरा दिवस धड काही सांगितलं नव्हतं, तेवढी माणुसकी मी सोडलेली नाही.

कुठलाही व्हॉल्व्ह मी बनवला नाही. पिंपात काही टाकलं नाही. कुबियाकच्या मोटारीतल्या सगळ्या माना तीनशे दहावर आहेत, माझ्या हिवाळ्यातल्या कामाची चोरलेली नक्कल, चांगली भक्कम. मायलो तीसही फेऱ्या धावला आणि तिसरा आला.

तुझं मार्चमधलं पत्र शेगडीत टाकायला तू सांगितलं होतंस. मी ते टाकलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फक्त कुबियाक दिसत होता, आणि मी खूश झाले. दुसऱ्यांदा वाचताना 'विसाच्या पुढे आणि पंचविसाच्या आत' इथे अडले. गाडी फिरते, मागची चाकं जाम होतात, हे सगळं मी बारा वर्षांची असताना कुंपणापाशी उभं राहून पाहिलंय. बाबांचा हात गिअरवर नव्हता, ऑरिन. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी तेव्हा तसं म्हटलं होतं, आणि तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होतास की लहान मुलांना लांबून काय दिसतं. मी तुझं ऐकलं. चौदा वर्षं मला माझ्या डोळ्यांपेक्षा तुझा शब्द खरा वाटला.

तरी मी स्वतःला सांगत राहिले की असं असणार नाही. म्हणून तुला शंका विचारली. तुझ्या उत्तरात साखरेसारखं लोखंड आलं, आणि मी तशीच उठून कुबियाकच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, वहीतलं ऑगस्ट एकोणसाठचं पान दाखव. तो लगेच समजला. पान त्याला पाठ होतं. तुझ्या पेन्सिलीने लिहिलंय: हार्लनची मोटार, मान २६०, हवा उत्तम, त्याला बोलू नये, तो घाबरेल. खाली शर्यतीनंतरची तारीख आणि एकच शब्द: 'बारीक', म्हणजे मान फार बारीक झाली होती हे तुला तेव्हाच कळलं होतं.

म्हणजे हे कुबियाकला सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्याने माझ्या तोंडावर "हार्लन झाला" म्हटलं. त्याचा हिशेब वेगळा आहे, तोही होईल. मी विसरणाऱ्यातली नाही, तुझ्याच दुकानात शिकलेय.

पान हातात होतं तेव्हा मी लगेच गावाला दाखवू शकले असते. तू म्हणाला असतास की चोराच्या वहीवर कोण विश्वास ठेवतो. मला ते तुझ्या तोंडून हवं होतं, म्हणून तारेत पुरावा मागितला. आणि मला तू घाबरलेला हवा होतास. माझ्या १३ मेच्या पत्रात मायलो आणि शर्यत एवढंच खरं होतं, आणि तेवढं मला पुरेसं झालं. पत्र पोचायला चार दिवस, मग तारेची वाट बघण्याचे तीन. तू झोपला नसशील. जेवला नसशील. कान नसलेला माणूस तारघराच्या पायरीवर बसून कोणी हाक मारतंय का ते बघत राहिला असेल. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी त्या आठवड्यात पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

तू घाईत एक गोष्ट विसरलास. तारेतला मजकूर लॉइड बर्गक्विस्टच्या हाताखालून जातो, आणि आपला हा तारमास्तरच गेली वीस वर्षं दर रविवारी ट्रॅकवर शर्यतीचं वर्णन करायला माइकसमोर बसतो. बाबांची गाडी फिरली तेव्हा माइकवर तोच होता. शनिवारी तो तार घेऊन स्वतः घरी आला. टोपी हातात धरून उभा राहिला. मला म्हणाला, "ही तुझी तार आहे पोरी. मी कोणाला बोललो नाही." मी म्हटलं, उद्या बोला.

मग मी तार आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ टेबलावरचं कापड सारखं करत बसली. नंतर विचारलं, शर्यत किती वाजता आहे.

रविवारी ती माझ्या शेजारी बाकावर बसली, बाबांचं लोकरी जाकीट घालून, मे महिन्यात. लॉइडने गाड्या सुटायच्या आधी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. लोकांना वाटलं राष्ट्रगीत आहे, त्यांनी टोप्या काढल्या. त्याने तुझी तार वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, 'पाया पडतो'सकट, आणि खाली तुझं नाव. कोणी टोपी घातली नाही. हॉफर, ज्याची हाडं तुझ्या मते रबराची आहेत, तो सगळ्यांत आधी आईकडे आला आणि तिचा हात धरून नुसता उभा राहिला.

मायलोला मी सगळं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तू त्याच्यासाठी भावाचा खून कबूल केलास, हे त्याला कळायला हवं होतं.  तुझी पहिली तार त्याने माझ्याकडून मागून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. का ठेवली ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. पत्र लिहायचं की नाही हे त्याचं तो ठरवील.

दुकानावरची तुझ्या नावाची पाटी आज सकाळी उतरवली. हार्लन स्लेटन अँड डॉटर असं रंगवून घेतेय. तुझी हत्यारं खोक्यात भरून ठेवलीत, कोणी मागायला आलं तर देईन. युमाची हवा कोरडी आहे, तिथेच राहा.

आणखी एक गोष्ट सांगते आणि संपवते. नवव्या फेरीत एका गाडीचं इंजिन फुटलं. फार काही नाही, धूर झाला, गाडी आतल्या गवतावर जाऊन थांबली, चालवणारा शिव्या देत बाहेर आला. त्याने गिअर चुकवला नव्हता, कोणीतरी काम खराब केलं होतं. वरच्या बाकावरून एक पोरगं ओरडलं, "ऑरिन झाला!" आणि सबंध ट्रॅकवर तो शब्द फिरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आईने थर्मासचं झाकण लावलं, मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हो. ऑरिन झाला."

लोरेन
हार्लनची मुलगी